चौथ्या दिवसाचा सूर्य

रविवार, ५ ऑक्टोबर

पवित्र शास्त्राचे, म्हणजे बायबलचे, पहिलेच पान ज्याने एकदा तरी सावकाश वाचले आहे, त्याला एक गोष्ट खटकल्याशिवाय राहत नाही. प्रकाश निर्माण होतो पहिल्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी. मग मधल्या दिवसांची सकाळ-संध्याकाळ कशाच्या जोरावर होत होती?

आज दृढीकरणाच्या वर्गात हा प्रश्न फिर्यादीने विचारला. हे त्या मुलीचे टोपणनाव. दर रविवारी तिची एक तरी तक्रार दाखल होतेच. मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, पूर्ण सभासद होण्यापूर्वी मुलामुलींना वर्षभर जो वर्ग करावा लागतो, तो मी घेते. आठवड्याचे बाकीचे दिवस महाविद्यालयात प्रकाशशास्त्र शिकवते. त्यामुळे हा प्रश्न दोन्ही बाजूंनी माझ्याच अंगणात येऊन पडला.

"बाई, लिहिणाऱ्याला एवढंही कळलं नाही का?"

"कळलं होतं," मी म्हणाले. "म्हणूनच त्यानं तसं लिहिलं."

फळ्यावर दोन रकाने आखले. डावीकडे पहिले तीन दिवस: उजेड आणि अंधार वेगळे झाले, पाणी दुभंगून मध्ये आकाश आले, कोरडी जमीन वर आली. उजवीकडे पुढचे तीन दिवस: सूर्य आणि चंद्र; पक्षी आणि मासे; जनावरे आणि माणूस. आता आडवे वाचा. आधी खोल्या बांधल्या, मग त्यांत राहणारे आले. चौथ्या दिवसाचा सूर्य पहिल्या दिवसाच्या खोलीत राहायला येतो. हा मजकूर बांधकामावरची हजेरी नव्हे; घर कोणाचे आहे हे सांगणारे ते गाणे आहे. आणि ज्या काळी शेजारपाजारचे लोक सूर्यालाच देव मानून हात जोडत होते, त्या काळी सूर्याला चौथ्या दिवसापर्यंत थांबवून ठेवणे हे केवढे धाडस होते. मुलांचे चेहरे असे काही उजळले की तास संपल्याचे मला घंटा वाजली तेव्हाच कळले.

बाबा नेहमीप्रमाणे मागच्या बाकावर बसून होते. मंडळीत दर रविवारी शास्त्रपाठ वाचतात ते बाबाच. मी शाळेत जाऊ लागले त्याच्या आधीपासून. त्यांच्या वाचनात एक काना इकडचा तिकडे झालेला कोणी ऐकलेला नाही. घरी आल्यावर दारात बूट काढताना ते म्हणाले, "सहा दिवस म्हणजे सहा दिवस नाहीत, असं शिकवलंस तू आज."

"सहा दिवसांचा अर्थ काय, ते शिकवलं, बाबा."

"आणि तो ठरवला कोणी?"

"मजकूर स्वतःच..."

"मजकूर बोलत नाही ग. तू बोललीस. हे खरं, हे चित्र, हे पुन्हा खरं. निवडणारी तू. मग पुस्तक तुझं झालं. तू पुस्तकाची राहिली नाहीस."

बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. माझ्या कानामागच्या खुंटीकडे पाहत होते. वाईट वाटले. तरी आक्षेप भक्कम आहे हे मान्य करायला हवे. त्याला तितकेच भक्कम उत्तर तयार करीन.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

उत्तर तयार झाले आणि आज जेवताना मांडलेही.

"बाबा, उजवा हात पापाकडे ओढत असेल तर तो तोडून टाकावा, असं प्रभूनं सांगितलंय. आपल्या मंडळीत एकही थोटा माणूस नाही. याचे दोनच अर्थ निघतात. एक तर आपण सगळेच निष्पाप आहोत..."

"मंडळीच्या चिटणिसांना ओळखतेस ना? मग तो अर्थ बाजूला ठेव," बाबा म्हणाले.

वहिनींना ठसका लागला.

"...नाहीतर ते वाक्य आपण कोणीच अक्षरशः घेत नाही. तुम्हीसुद्धा."

"तो अलंकार आहे."

"कोणी ठरवलं?"

बाबा म्हणाले, "ऐकून कळतं. मोठ्यानं म्हटलं की कळतं. त्या वाक्याचा आवाजच तसा आहे."

"मग पहिल्या पानाचा आवाज कसा आहे?"

हा प्रश्न त्यांना लागला असावा. पाण्याच्या पेल्याला त्यांचा हात असा आदळला की पाणी टेबलभर झाले. ते उठून खोलीत गेले. बाबांना राग क्वचितच येतो.

पाणी वहिनींनी पुसले. वहिनी म्हणजे दादाची बायको; दादा जहाजावर असतो आणि घर त्या चालवतात. पुसता पुसता त्यांनी विचारले, "वन्सं, पेला कुठे होता?"

"टेबलावर."

"टेबलावर कुठे?"

या प्रश्नाचा रोख माझ्या ध्यानात आला नाही.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

मंडळीच्या चिटणिसांचा फोन.

"तुमच्याविरुद्ध काही नाही हो, बाई. पण आईबाप विचारतात. मुलांना सांगायचं काय, पुस्तक खरं की खोटं?"

"खरं."

"झालं तर. अक्षरशः खरं म्हणा, मी विषय मिटवून टाकतो."

"अक्षरशः म्हणणार नाही."

"एका शब्दापायी वर्ग घालवताय."

"तुम्हीही एका शब्दापायीच घालवताय."

दोन नोव्हेंबरला, उपासनेनंतर, कार्यकारिणी बसेल आणि वर्ग माझ्याकडे ठेवायचा की काढून घ्यायचा हे ठरवील. कार्यकारिणीत बाबा सर्वांत ज्येष्ठ. ते जिकडे झुकतील तिकडे बाकीचे झुकतात. त्यांच्याकडे मत मागायला मी जाणार नाही. परंतु त्यांना पटवून देईन. मागणे आणि पटवणे यांत फार अंतर आहे, आणि दुसरे काम हे माझ्या पेशातलेच आहे.

सोमवार, १३ ऑक्टोबर

अबोला चालू. बाबांनी वर्तमानपत्र बंद केले. म्हणाले, सगळा खोटेपणा असतो. रोजचा फेरफटका मात्र चुकत नाही. ताठ मानेने जातात, खांबाला न धडकता येतात.

संध्याकाळी त्यांच्या खोलीचे दार लोटलेले असते. आत वहिनी येत्या रविवारचा पाठ मोठ्याने वाचतात आणि बाबा तो ओळीओळीने म्हणतात. चुकले तर वहिनी त्यांना दुरुस्त करतात. ज्या माणसाने आयुष्यभर वाचून दाखवले, त्याने सुनेकडून वाचून घ्यावे? मला वाटते, वहिनींना आपल्या पक्षात ओढण्याची ही त्यांची युक्ती असावी.

स्वयंपाकघरात मी सरळच विचारले, "वहिनी, तुम्हीही अक्षरवादी झालात का?"

"मी कसली वादी? मी इस्त्री करता करता वाचते. कपडे आणि शास्त्र, दोन्ही एकदम सरळ होतं." मग म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही कॉलेजात उजेड शिकवता ना? घरी त्याचा काही उपयोग होतो का बघा."

मी सांगितले की घरात उजेड भरपूर आहे. गेल्याच महिन्यात बाबांनी आपल्या खोलीत मोठा दिवा लावून घेतला आहे. वहिनींनी माझ्या तोंडाकडे पाहिले.

"हो," त्या म्हणाल्या. "लावून घेतलाय खरा."

रविवार, १९ ऑक्टोबर

आजचा वर्ग फार रंगला. मार्काच्या शुभवर्तमानातली एक लहानशी गोष्ट घेतली. एका आंधळ्याला प्रभू गावाबाहेर नेतो, त्याच्या डोळ्यांना हात लावतो आणि काय दिसते म्हणून विचारतो. तो म्हणतो, माणसे दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. मग प्रभू दुसऱ्यांदा हात लावतो आणि सगळे स्वच्छ दिसू लागते.

कोडे असे की दोनदा हात का लावावा लागला? बाकीच्या ठिकाणी तर एका शब्दाने काम होते. उत्तर पुढच्याच परिच्छेदात आहे. तिथे शिष्य प्रभूला ओळखतात, पण अर्धवट. कोण आहे ते कळते, त्याला कुठे जायचे आहे ते कळत नाही. आंधळ्याची अर्धी दृष्टी हे त्या अर्ध्या समजुतीचे चित्र. लेखकाने दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या, एवढ्यानेच सारा प्रकाश पडतो.

"म्हणजे तो आंधळा खरा नव्हता?" फिर्यादीने विचारले.

"खरा होता की नव्हता, हा इथे मुद्दाच नाही," मी म्हणाले. वाक्य नेमके बसले असे वाटले.

संध्याकाळी बाबांनी आपणहून विषय काढला, कित्येक दिवसांनी.

"त्याला माणसं झाडांसारखी दिसली."

"शिष्यांच्या अपुऱ्या समजुतीचं ते चित्र आहे, बाबा."

"तो आंधळा होता."

"हो, पण लेखकाचा हेतू..."

"कड दिसते. खोड दिसतं. हलतंय म्हणून माणूस म्हणायचं. चेहरा नसतो."

"अगदी बरोबर. चेहरा नाही म्हणजे ओळख पुरी नाही. किती नेमकी प्रतिमा आहे बघा."

बाबा माझ्या शेजारच्या भिंतीकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "आधी तो माणूस तर राहू दे ग. मग त्याचं चित्र कर."

वाद सुटला नाही. तरी एक नोंद करून ठेवते: बाबा मजकुराच्या फार जवळ जाऊन वाचतात. 'चेहरा नसतो' हे मला सुचले नव्हते. पुढच्या तासाला वापरता येईल.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

आमच्या मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, घरी आले होते. वयाने लहान, पण समंजस माणूस. मंडळीने शास्त्राची नवी आवृत्ती मागवली आहे. भाषा आजची, अक्षर मोठे, बाकाबाकावर प्रती. खोकी शनिवारी उशिरा पोहोचतील आणि रविवारपासून वाचन नव्या प्रतीतून. पहिला पाठ अर्थात बाबांनी वाचावा.

बाबांनी इतक्या तडकाफडकी नकार दिला की पाळकसाहेबांचा चहा हातातच राहिला.

"जुनं काय वाईट आहे?"

"वाईट काहीच नाही, काका. पण मुलांना कळत नाही."

"मग मुलांना शिकवा. पुस्तक कशाला हलवता?"

"अर्थ तोच आहे. शब्द तेवढे बदललेत."

"शब्द तेवढे," बाबा म्हणाले. "तेवढेच तर आहेत."

शेवटी पाळकसाहेबांनी त्यांचा हात हातात घेतला आणि तुमच्या तोंडून सुरुवात झाली तरच लोक नवे पुस्तक आपले म्हणतील असे सांगितले. बाबांना तो मान नाकारता आला नाही. 'बरं' म्हणाले, पण चेहरा उतरला होता. एका आवृत्तीसाठी एवढा हट्ट. अक्षराला चिकटून राहिले की माणूस किती एकटा पडतो, ते आज पाहिले.

वहिनींनी पाळकसाहेबांना फाटकापर्यंत सोडताना विचारले, एक प्रत आधी मिळेल का, शुक्रवारपर्यंत? नाही मिळणार. खोकी अजून वाटेत आहेत.

रविवार, २६ ऑक्टोबर

जे घडले ते क्रमानेच लिहिते, नाहीतर लिहिता येणार नाही.

नव्या प्रती बाकांवर ठेवलेल्या होत्या. पाळकसाहेबांनी पाठ जाहीर केला, एक लांब स्तोत्र, आणि सगळ्यांना आपापल्या प्रतीत बोट ठेवून ऐकायला सांगितले. बाबा वाचनपीठाशी गेले. नवे पुस्तक अंदाजाने मध्यावर उघडले, दोन्ही तळवे पानांवर सपाट ठेवले आणि नेहमीच्या स्वच्छ आवाजात सुरुवात केली.

माझ्यासमोर वाकलेल्या मानांच्या रांगा होत्या. दुसऱ्या ओळीला एक मान वर आली. मग तिच्या शेजारची. बाबा जे म्हणत होते ते कोणाच्याच पानावर नव्हते. ते जुने शब्द म्हणत होते, प्रत्येक शब्द जुन्या पुस्तकातला, जागच्या जागी. हळूहळू सगळ्या माना वर आल्या. पाळकसाहेब बाबांच्या अगदी जवळ उभे होते. त्यांनी पुस्तकात पाहिले आणि मला कळले की तिथे दुसरेच कुठले तरी पान उघडलेले आहे. त्यांनी ते पान उलटले नाही.

चिटणीस अर्धवट उठले. "काका, पान चुकलंय वाटतं."

बाबा थांबले. त्यांनी मान खाली केली आणि डोके किंचित उजवीकडे वळवले, पुस्तकाच्या पलीकडे, जिथे काहीच नव्हते. ते वळणे माझ्या ओळखीचे होते. गेला महिनाभर ते तसेच माझ्या कानामागे पाहत होते.

अंधुक तारा पाहायचा असेल तर त्याच्यावर डोळा रोखू नका. जरा बाजूला पाहा, म्हणजे तो दिसू लागेल. डोळ्याचा मधला भाग काम करीनासा झाला की कडेच्या भागाने पाहावे लागते. हे मी दर वर्षी शिकवते. आकृती काढून शिकवते.

ते माझ्याकडे पाहायचे टाळत नव्हते. मला पाहण्याचा त्यांना तेवढा एकच मार्ग उरला होता.

बाबांनी पुस्तक मिटले. समोर तोंड करून उरलेले सगळे स्तोत्र जुन्या शब्दांत म्हणून संपवले. एकही ओळ चुकली नाही. बाकांवरच्या नव्या प्रती एकेक करून बंद होताना ऐकू येत होत्या.

सोमवार, २७ ऑक्टोबर

कॉलेजातून रजा घेतली. बाबा रुग्णालयात यायला तयार नव्हते. मी काहीच समजावले नाही. त्यांचा कोट पुढे धरून उभी राहिले. शेवटी त्यांनी बाह्यांत हात घातले.

डॉक्टरांनी त्यांच्यापुढे चौकटीचौकटींचा कागद धरला.

"रेघा वाकड्या दिसतात?"

"उजव्यानं वाकड्या. डाव्यानं मधोमध काही नाहीच. काजळी फासल्यासारखं."

"वाचन बंद होऊन किती दिवस झाले?"

"वाचन बंद नाही झालं," बाबा म्हणाले. "दिसणं बंद झालं."

दृष्टिपटलाचा मधला भाग झिजला आहे. डाव्या डोळ्याने वाचणे परत येणार नाही. उजवा आत्ता हाती घेतला तर आहे तेवढा टिकण्याची बरीच शक्यता आहे. त्यासाठी डोळ्यात इंजेक्शन, आणि ते पुन्हा पुन्हा.

"डोळ्यात सुई," बाबांनी विचारले, "अक्षरशः?"

"अक्षरशः," डॉक्टर म्हणाले.

बाबा माझ्या दिशेने, म्हणजे माझ्या खांद्याच्या दिशेने वळले. "बघ. काही गोष्टी तशाही असतात."

मी हसले आणि मग मला बाहेर जावे लागले.

बुधवार, २९ ऑक्टोबर

पहिले इंजेक्शन काल झाले. डोळ्यावर आवरण आहे. मी त्यांच्या पलंगाशी बसले.

"वहिनींना ठाऊक होतं."

"तिनं विचारलं नाही. एक दिवस चहाचा कप माझ्या हातात आणून दिला, टेबलावर ठेवला नाही. तेव्हा मला कळलं की तिला कळलंय."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं, तर तू मला समजावून सांगितलं असतंस."

यावर मी उत्तर तयार केले नाही.

मग बाबाच बोलू लागले. "रोज सकाळी आधी पहिलं पान म्हणतो. ओळ धरून पुढं सरकतो, भिंतीला हात लावून चालावं तसं. तू म्हणालीस, हे चित्र आहे. मला वाटलं, भिंत हलली."

"मी भिंत हलवत नव्हते, बाबा."

"नसशील. पण अंधारात कसं कळणार?"

आज प्रथमच मला त्यांच्या आक्षेपाचे वजन कळले. तर्क नव्हे, वजन. माझे मत बदललेले नाही. पहिल्या पानाकडून मी सृष्टीचे वेळापत्रक मागणार नाही. परंतु 'आंधळा खरा होता की नव्हता, हा मुद्दाच नाही' हे वाक्य मी पुढच्या तासाला मुलांसमोर मागे घेईन. तो मुद्दा होता.

रविवार, २ नोव्हेंबर

कार्यकारिणी. विषय एकाचे दोन झाले होते: नवा वाचक नेमणे, आणि माझा वर्ग.

चिटणीस म्हणाले, "बाई, एकदा शब्द म्हणून टाका, म्हणजे सगळे घरी जाऊ."

मी उभी राहिले. "म्हणणार नाही. पण माझं म्हणणं पूर्ण लिहून घ्या. प्रभू मेलेल्यांतून उठला, हे मी चित्र मानत नाही. ती साक्ष आहे. आम्ही पाहिलं असं सांगणाऱ्या माणसांची. साक्ष साक्षीसारखी ऐकायची, गाणं गाण्यासारखं, दाखला दाखल्यासारखा. सगळ्याला एकच माप लावलं तर आपण पुस्तकाचा मान राखत नाही, आपल्या मापाचा राखतो. आणि मुलांना मी असं सांगणार नाही की सूर्याचं कोडं सुटेपर्यंत दाराबाहेर थांबा."

"आणि कुठं साक्ष संपते, कुठं गाणं सुरू होतं, हे कोण ठरवणार? तुम्ही?"

बाबांचाच प्रश्न, चिटणिसांच्या तोंडी. "एकटी मी नाही," मी म्हणाले. "सगळ्यांनी मिळून, ऐकून. चुकलो तर पुन्हा ऐकून. मी चुकलेही आहे."

सगळ्यांची तोंडे बाबांकडे वळली. ते बसूनच बोलले.

"माझ्या मुलीचं म्हणणं मला पटलेलं नाही. माझे सहा दिवस सहाच आहेत. पण प्रभूनं माणसांना बोलावलं तेव्हा प्रश्नपत्रिका वाटल्याचं मी कुठं वाचलेलं नाही. ये म्हणाला, ते आले. जाळी तशीच टाकून आले. वर्ग तिच्याकडे राहू द्या."

"काका, विचार करून..."

"अट आहे. समजावण्याआधी अख्खा पाठ मोठ्यानं म्हणायचा, वर्गात. आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय तो माणूस आधी खरा धरायचा. मग काय चित्र काढायचं ते काढा."

"आणि वाचनाचं?"

"वाचक डोळस नेमा," बाबा म्हणाले. "मी म्हणेन. तो चुकला तर सांगीन."

कोणीतरी हसले, आणि ठराव झाला. चिटणिसांनी विरोधात हात वर केला. तो त्यांचा हक्क आहे. उजवाच हात होता. बाबांच्या कानात मी तेवढे सांगितले.

रविवार, ९ नोव्हेंबर

वर्गात फळा कोरा ठेवला. आंधळ्याबद्दलचे माझे वाक्य मागे घेतले. फिर्यादीने 'निकाल लागला' असे म्हणून मान डोलावली. मग बाबा उभे राहिले आणि त्यांनी पहिले पान म्हटले, सुरुवातीपासून माणसापर्यंत. प्रत्येक दिवस तसाच उघडत होता, तसाच मिटत होता. शेवटी तीच संध्याकाळ, तीच सकाळ, आणि पुढच्या दिवसाचा आकडा. तिसऱ्या दिवसाला मुलांचे ओठ आपोआप हलू लागले. पाचव्याला सगळी मुले त्यांच्याबरोबर म्हणत होती.

फिर्यादी म्हणाली, "हे तर गाणं आहे. धृपद आहे याला."

जे मी दोन रकाने आखून दाखवले होते, ते तिने नुसते ऐकले. मी बाबांकडे पाहिले.

"गाणं आहे म्हणून खोटं नाही," ते तिला म्हणाले.

"तेच तर मी म्हणत होते," मी म्हणाले.

"नाही. तू म्हणत होतीस, खोटं नाही, पण गाणं आहे. मी म्हणतोय, गाणं आहे, पण खोटं नाही."

घरी येताना ते माझ्या दंडाला धरून चालले. वाद घरापर्यंत पुरला. फाटकाशी वहिनी उभ्या होत्या. म्हणाल्या, "कोण जिंकलं?" आम्ही दोघेही एकदम 'मी' म्हणालो.

गुरुवार, २० नोव्हेंबर

उजवा डोळा स्थिर आहे. डॉक्टर समाधानी. रेघा वाकड्या आहेत, पण आणखी वाकलेल्या नाहीत.

संध्याकाळी बाबांच्या खोलीचे दार सताड उघडे होते. वहिनी इस्त्री करता करता नव्या आवृत्तीतले ते स्तोत्र वाचत होत्या.

"पुन्हा म्हण. ही ओळ जुन्यापेक्षा लंगडी आहे."

"मामंजी, ओळ लंगडी असो की धडधाकट, रविवारी म्हणायची आहे."

"म्हणेन ग. शब्द नवे आहेत, माणूस तोच दिसतो."

एक कडवे मी वाचून दाखवले. कुठेही थांबून अर्थ सांगितला नाही. माझ्या दृष्टीने हे सोपे नव्हते.

शनिवार, २२ नोव्हेंबर

उद्याच्या वर्गात फिर्यादी विचारणार हे मला ठाऊक आहे: जे लिहिले आहे ते नुसते आहे तसे वाचता येत नाही का, आपल्या पदरचे काही न घालता? या प्रश्नावर मी एके काळी तासभर बोलले असते. उद्या प्रत्येकाला एक कोरा कागद देणार आहे. कृती इथे लिहून ठेवते. वर्गात नसलेल्यालाही करता येईल.

कागदावर डावीकडे एक लहान फुली काढा. तिच्या उजवीकडे, त्याच रेषेत, चार बोटांच्या अंतरावर एक ठळक ठिपका. कागद हात लांब करून डोळ्यांसमोर धरा. डावा डोळा मिटा. उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे पाहा. ठिपका कडेने दिसत असेल, त्याच्याकडे वळू नका. आता कागद हळूहळू जवळ आणा. एका ठिकाणी ठिपका नाहीसा होईल. तिथे भोक दिसणार नाही, काळोख दिसणार नाही. स्वच्छ पांढरा कागद दिसेल, जसा काही तिथे कधीच काही नव्हते. तो पांढरा रंग तुमच्या पदरचा आहे.

आता कागद हलवू नका. नजर फुलीवरच असू द्या. आणि दुसरा डोळा उघडा.

ठिपका जागेवरच असतो.